काट्या-चमच्यांची कुळकथा

विलायती पद्धतीच्या बड्या हॉटेलात जेवायला बसण्याचा प्रसंग आला, की आपल्यापैकी पुष्कळांची भूक अर्धी होते. ताटलीच्या डावीकडे दोन-तीन काटे, उजवीकडे तितक्याच सुऱ्या. आधी हात कशाला घालावा, या विवंचनेत सूप निवून जाते. शेजाऱ्याकडे चोरून पाहावे, तर तो आपल्याकडेच पाहत असतो! असे निवलेले सूप आम्हीही प्यायलो आहोत. ही रीत युरोपात अनादि काळापासून चालत आली आणि अडाणी तेवढे आपणच, अशी समजूत या संकोचाच्या मुळाशी असते. इतिहासापुढे ती टिकत नाही.

१५३० साली इरॅस्मस या थोर डच पंडिताने मुलांच्या शिष्टाचारावर लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली. वाढलेले तीन बोटांनी घ्यावे, तुपकट बोटे चाटू नयेत, अंगरख्याला पुसू नयेत, असा उपदेश तीत आहे. म्हणजे कुलीनांच्या मुलांना हाताने नीट कसे जेवावे, हेच तो शिकवीत होता.

पुढे टॉमस कोरियट नावाचा इंग्रज १६०८ साली इटलीत हिंडला. (हाच गृहस्थ नंतर बरीचशी वाट पायी तुडवीत हिंदुस्थानात आला आणि १६१७ साली सुरतेस वारला.) इटलीत लोक मांस कापताना काट्याने धरतात, याचे त्याला मोठे नवल वाटले. १६११ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने कारणही दिले आहे: सर्वांच्या थाळ्याला कोणी बोट लावलेले तिथे खपत नसे, कारण सगळ्यांचेच हात सारखे स्वच्छ नसतात. उष्ट्या-खरकट्याचा विचार पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. मात्र आपल्या पंगतीत प्रत्येकाचे पान निराळे. तिकडे थाळा एक आणि हात अनेक. काट्याची निकड त्यांना भासली, आपल्याला भासली नाही, ती यामुळेच असावी. कोरियट मायदेशी परतल्यावरही काटा वापरू लागला, तेव्हा स्नेह्यांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. फ्रान्सचा चौदावा लुई तर काटे हाताशी असूनही बोटांनीच जेवणे पसंत करी.

मग हा हत्यारांचा ताफा आला कुठून? पूर्वी फ्रेंच रीतीप्रमाणे अनेक पदार्थ एकदमच मेजावर मांडीत. एकोणिसाव्या शतकात रशियन रीत रुळली: एकेक पदार्थ क्रमाने आणून वाढायचा. पदार्थागणिक काटा-सुरी आली आणि ती क्रमानेच मांडली गेली. पहिल्या पदार्थाची सर्वांत बाहेर, पुढची तिच्या आत. आपण बाहेरून आत येत जावे, एवढेच काय ते गूढ! खाणे आटोपले, की सुरी-काटा ताटलीत जोडीने ठेवावा. वाढपी काय ते समजतो आणि ताटली उचलतो. आग्रह करणाऱ्या यजमानापुढे आपण पानावर आडवा हात धरतो, तशीच ही खूण.