तिकिटावरचं लिंबू आणि कुलपात ठेवलेला अहवाल

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांत एकच विषय धरून बसणारे बरेच असतात. कुणी पक्षी जमवतं, कुणी रेल्वे, तर कुणी फक्त लिंबू-संत्री. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण असा एखादा अल्बम हाताला लागलाच, तर 1938 चं पान नीट बघा.

सहावा जॉर्ज डिसेंबर 1936 मध्ये गादीवर आला. राजा नवा म्हणजे वसाहतींची तिकिटंही नवी. 1938 च्या नव्या संचांत जमैकाच्या एका तिकिटावर लिंबूवर्गीय फळांची बाग आली, ब्रिटिश होंडुरासच्या (म्हणजे आजच्या बेलीझच्या) तिकिटावर ग्रेपफ्रूट आणि डोमिनिकाच्या तिकिटावर लिंबांची तोडणी. सोबत राजेसाहेबांची छबी आहेच. कुठली वसाहत काय पिकवून देते, याची ही सचित्र खातेवहीच म्हणा ना.

यातलं डोमिनिका आपल्याला जवळचं. (डोमिनिकन रिपब्लिक वेगळं हं, गल्लत नको.) कॅरिबियनमधलं हे बेट साडेसातशे चौरस किलोमीटरचं, मुंबईपेक्षा थोडं मोठं. तिथलं लिंबू म्हणजे आपलंच कागदी लिंबू, पातळ सालीचं, रसाळ. आशियातून अरबांबरोबर ते भूमध्य समुद्राकडे गेलं आणि तिथून युरोपियनांनी पलीकडे नेलं. कोलंबस 1493 च्या दुसऱ्या सफरीत लिंबू-संत्र्यांच्या बिया घेऊन निघाला होता. त्याच सफरीत, 3 नोव्हेंबरला, रविवारी त्याला हे बेट दिसलं, म्हणून नाव डोमिनिका.

लिंबाला सोन्याचे दिवस आले ते खलाशांमुळे. 1747 मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने जहाजावरच्या 12 आजारी खलाशांवर प्रयोग केला. संत्री आणि लिंबं खाणारे दोघे स्कर्व्हीतून झपाट्याने सावरले. तरी आरमाराला रस सर्रास वाटायची बुद्धी व्हायला 1795 उजाडलं! सरकारी फाइल तेव्हाही अशीच चालायची. पुढे 1867 मध्ये व्यापारी जहाजांवर रस देणं कायद्याने सक्तीचं झालं आणि त्याच वर्षी लॉकलन रोझने दारू न घालता रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. त्याच्या कंपनीने नंतर डोमिनिकात मळे विकत घेतले. गंमत अशी, की आरमाराने भूमध्य समुद्राकडचं मोठं पिवळं लिंबू सोडून आपल्या वसाहतींतलं हे लिंबू धरलं, आणि याच्या रसात स्कर्व्हीवरचा गुण बराच कमी. 1875 च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्हीने पुन्हा माणसं आडवी केली. पण माल घरचा होता ना!

आता तिकिटावरचे मजूर. वेस्ट इंडिजमधल्या गुलामांची पूर्ण सुटका झाली 1 ऑगस्ट 1838 रोजी. म्हणजे हे तिकीट बरोबर शंभर वर्षांनी आलं, आणि मळ्यात राबत होते ते बहुतेक त्याच गुलामांचे वंशज. तोवर रोगाने आणि वादळांनी लिंबाच्या बागा पार झोडपल्या होत्या. धंदा उतरणीला लागला होता, पण चित्रात सगळं आलबेल.

1938 च्याच मे महिन्यात जमैकात मजूर रस्त्यावर उतरले. मजुरी, बेकारी, राहायला धड घर नाही, अशी कारणं. गोळीबार झाला, माणसं मेली. आधीच्या चार वर्षांत इतर बेटांवरही हेच घडलं होतं. लंडनने लॉर्ड मॉइन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने घरं, शाळा, आरोग्य सगळं पाहिलं आणि जे लिहिलं ते इतकं बोचरं होतं, की युद्धाच्या काळात शत्रूच्या हाती कोलीत नको म्हणून सरकारने पूर्ण अहवाल दाबून ठेवला. तो छापला गेला 1945 मध्ये.

म्हणजे बागांची चित्रं पत्रांवर चिकटून जगभर फिरत होती आणि त्याच बेटांवरच्या माणसांच्या हालांची नोंद लंडनमध्ये कुलपात होती.

आपण यातून फार वेगळे, असं समजायचं कारण नाही. आपल्या 1965 पासूनच्या मालिकेत 50 पैशांच्या तिकिटावर आंबे आहेत आणि 15 पैशांच्या तिकिटावर चहाची खुडणी. खुडणाऱ्या हातांना रोज किती मिळतो, हे तिकिटावर कोण छापणार?

डोमिनिकाच्या 1951 च्या संचात लिंबाचा मळा आहे, संत्र्यांची तोडणी आहे आणि केळीसुद्धा. पुढे बेट केळीवरच जगू लागलं. ते स्वतंत्र झालं 1978 मध्ये, तारीख पुन्हा 3 नोव्हेंबरच.