बंगळूरच्या तीन अटी

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. संस्था घराला परकी नव्हती. वडील आणि काका दोघेही तिथेच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. गुणही उत्तम होते. तरीही नकार आला. संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, तीन वर्षांपूर्वीचे नोबेल विजेते. नकाराचे कारण एवढेच, की अर्जदार स्त्री होती.

दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. करारीपणा घरचाच. कमलाबाई थेट रामन यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही, कामाने संचालकांचे समाधान झाले तरच पुढचा विचार होईल, आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. तिसरी अट जरा थांबून वाचावी अशी आहे. पुरुषांच्या एकाग्रतेची जबाबदारी नव्याने आलेल्या एकटीवर. पुरुषांवर मात्र कोणतीच अट नाही.

प्रयोगशाळेत त्यांना श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. शिस्तीचे कडक, अपेक्षा मोठ्या. पण हाताशी असलेले ज्ञान विद्यार्थ्याला देण्यात हात आखडता न घेणारे. विद्यार्थिनी म्हणून सवलत नाही आणि संशयही नाही. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केले. वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले आणि १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या. त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

ही कथा बहुधा इथेच, रामन यांच्या मतपरिवर्तनावर संपवली जाते. ते घाईचे होय. १९४० मध्ये अ‍ॅना मणी रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणके यांच्या वर्णपटांवर त्यांनी १९४२ ते १९४५ या काळात पाच शोधनिबंध लिहिले. प्रबंधही सिद्ध झाला, पण एम.एस्सी. नाही, या कारणाने मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. तो नियम विद्यापीठाचा. परंतु प्रयोगशाळेतही स्त्री-पुरुषांनी मिसळून बोलणे रामन यांना खपत नसे. प्रवेश होता, संवाद नव्हता. आणि संशोधनातले कितीतरी शिक्षण अशा सहज गप्पांतच होते.

केंब्रिजचा अनुभव याउलट. तिथे डेरेक रिक्टर यांनी कमलाबाईंना दिवसा काम करण्यासाठी प्रयोगशाळेत हक्काची जागा देऊ केली. पुढे रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी आढळले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनी म्हणून त्यांनी स्वतः विद्यार्थी घडवले. गोरगरिबांच्या खाण्यातले पदार्थ, कडधान्ये, नीरा हे त्यांचे विषय. उतारवयात त्यांच्या सत्काराचा प्रसंग आला. सहा दशके लोटली होती, रामन हयात नव्हते. रामन यांची वैज्ञानिक थोरवी मान्य करूनही, केवळ स्त्री म्हणून त्यांनी केलेला अपमान आपण विसरलेलो नाही, हे कमलाबाईंनी त्या सभेत सांगितले.