प्लेगच्या दिवसांतील छायाचित्रे

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. त्या काळातील मुंबई कॅप्टन मॉस ह्यांनी कॅमेऱ्याने टिपली. बंबाच्या पाण्याने धुतली जाणारी घरे, झडतीस आलेली पथके, इस्पितळातील खाटा! प्लेगने मृत्यू झालेल्या घरावर तेव्हा वर्तुळ काढून तारीख घालीत.

ही चित्रे सरकारी कामाची नोंद म्हणून काढलेली. त्यांत बंदोबस्त दिसतो, पण चूल दिसत नाही. खाटेवरच्या बाईचा चेहरा दिसतो, नाव नाही. तिकडे पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. तेथे कोणता कॅमेरा असणार?

२०२० च्या टाळेबंदीत मात्र कॅमेरा घरोघरी होता. दोरीने खाली सोडलेली भाजीची पिशवी, जुन्या साडीचे मुखपट्टे, वाण्याच्या दुकानापुढची वर्तुळे (ही अंतर राखण्याची!) हे सारे आपणच टिपले. पण फोन बदलले की चित्रेही जातात, आणि त्यांवर नावे तर तेव्हाही कोणी घातली नाहीत.

ज्या भगिनींपाशी अशी चित्रे उरली असतील, त्यांनी ती कागदावर छापून, मागे नाव, जागा व तारीख लिहून मंडळाच्या चिटणिसांकडे द्यावीत. स्वयंपाकघरातली असतील तर आधी.