मधल्या जागेचा प्रश्न

दोन विद्युद्भारांमधील आकर्षण किंवा अपसारण हें अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतें, ही गोष्ट कूलोम या फ्रेंच लष्करी इंजिनियरानें १७८५ सालीं तारेच्या पिळावरून मोजून दाखविली. हें सूत्र आमचे विद्यार्थी अद्यापि पाठ करतात. पण मध्यें कांहींच नसतां एक भार दुसऱ्यास ओढतो कसा? गुरुत्वाकर्षणाविषयीं खुद्द न्यूटननें १६९३ सालीं बेंटलीस लिहिलेल्या पत्रांत, मध्यस्थावांचून घडणारी अशी क्रिया विचारी मनुष्यास पटणार नाहीं, असें म्हटलें होतें. अनुयायांनीं सूत्र घेतलें व शंका टाकली. हिशेब बिनचूक जुळत असतां शंकेस विचारतो कोण!

ती शंका मायकेल फॅरडेनें उचलली. हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी केलेला. उच्च गणिताचा त्यास गंध नव्हता, आणि आमच्या मतें तें त्याच्या पथ्यावरच पडलें. सूत्राच्या ऐटीनें तो दिपला नाहीं. पोकळ पितळी गोलांत दुसरा गोळा बसविलेलीं दोन सारखीं उपकरणें त्यानें केलीं. दोहोंत हवा असतां वीज समसमान वांटली जाई. एकांत लाख घालतांच त्याच्या वांट्यास अधिक वीज येऊं लागली. या व्यवहारांत मधल्या पदार्थाचाही हात आहे, असें त्यानें १८३७ सालीं मांडलें. तथापि एवढ्यानें वाद मिटला नाहीं. हे प्रयोग कूलोमच्या नियमाशींही जुळतात, असें विल्यम टॉमसननें १८४५ सालीं दाखवून दिलें.

खरी कसोटी होती ती काळाची. आणि तीही फॅरडेसच सुचली होती. १८३२ च्या मार्चमध्यें त्यानें रॉयल सोसायटीकडे एक मोहोरबंद टिपण ठेवलें. तें शंभराहून अधिक वर्षांनीं उघडलें, तेव्हां आंत हाच तर्क निघाला: चुंबकाचा व विजेचा परिणाम पाण्यावरील तरंगांप्रमाणें पसरत असावा, त्यास पोहोंचावयास वेळ लागत असावा. वेळ लागतो म्हणजे, एका भारापासून निघालेलें परंतु दुसऱ्यापर्यंत न पोहोंचलेलें असें कांहीं तरी वाटेंत असलेंच पाहिजे. मॅक्सवेलच्या १८६५ च्या निबंधांत हा वेग प्रकाशाच्या वेगाइतका निघाला, व १८८८ सालीं हर्ट्झनें हे तरंग प्रयोगशाळेंत पकडले. फॅरडे त्यापूर्वींच, १८६७ सालीं, निवर्तला होता.

हें ‘कांहीं तरी’ म्हणजे ईथर, अशी त्या पिढीची समजूत होती. १९०५ सालीं आइन्स्टाइननें ईथर अनावश्यक ठरविला. क्षेत्र मात्र राहिलें. पुढें फाइनमन, श्विंगर व तोमोनागा यांच्या सिद्धांतानें फोटॉनांची देवघेव हेंच या बलाचें मूळ मानलें. दोन होड्यांतील माणसें एकमेकांकडे चेंडू फेंकीत दूर सरतात, हा त्याचा नेहमींचा दृष्टांत; पण त्यानें आकर्षण उलगडत नाहीं, म्हणून वर्गांत आम्ही तो जपूनच वापरतों. गणित मात्र एक गोष्ट स्वच्छ सांगतें: फोटॉनास यत्किंचितही वस्तुमान असतें, तर दूर अंतरावर हें बल कूलोमच्या नियमाहून झपाट्यानें कमी झालें असतें.