‘दम लागतो का?’ : एका प्रश्नाचा इतिहास

‘दम’ हा शब्द मराठीने फार्सीतून घेतला. तेथे तो श्वासाचा वाचक आहे. मराठीत मात्र त्यास श्रमाचा आणि धीराचा अर्थ चिकटला. हुतूतूच्या पटांगणात दम टिकवावा लागतो, कळवण तालुक्यातील सप्तशृंग गडाच्या पायऱ्या चढताना तो लागतो. (दरडावण्यासही आपण ‘दम देणे’ म्हणतो, पण तो विषय वेगळा.) हे अर्थांतर केवळ कोशकाराच्या कामाचे आहे असे नव्हे. मोटर न्यूरॉन विकाराच्या रोग्यास ‘दम लागतो का?’ असे विचारले असता तो पुष्कळदा ‘नाही’ म्हणतो, आणि त्याचे उत्तर खरेही असते.

शार्को या फ्रेंच वैद्याने १८६९ ते १८७४ या काळात वर्णिलेल्या या विकारात स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी क्रमाने नष्ट होतात. ज्याचे पायच उचलत नाहीत तो गड चढत नाही. मग दम लागणार कशाने? त्याचा श्वास कोंडतो तो उताणे निजल्यावर, कारण पोटातील अवयवांचा भार दुर्बल झालेल्या श्वासपटलावर येतो. झोप मोडते, सकाळी डोके दुखते, दिवसा पेंग येते. आडवे पडल्यावर वाढणारा आणि उठून बसल्यावर हलका होणारा श्वासरोग चरकसंहितेने तमकश्वासाच्या प्रकरणी नोंदविला आहे. तेथील कारण निराळे आहे, परंतु निरीक्षणाची दिशा हीच होती.

श्वासमापनाचा आधुनिक इतिहास मात्र धडधाकट देहापासून सुरू झाला. लंडनच्या जॉन हचिन्सनने १८४६ मध्ये आपल्या श्वासमापकावर दोन हजारांहून अधिक माणसे तपासली. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, मल्लही होते. आणि या मापाचा उपयोग आयुर्विम्याच्या कामी व्हावा अशी त्याची अपेक्षा होती. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि स्थिर बसलेल्या देहाचा श्वास प्रयोगशाळेत आणला. प्राणायामात प्राणवायूचा वापर किती होतो, याची मोजमापे ‘योगमीमांसा’त १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. हे प्रयोग निव्वळ योगप्रचार म्हणून बाजूस सारणे मला न्याय्य वाटत नाही. तथापि तेही निरोगी साधकांवरचेच होते.

रुग्णाच्या बाजूने पाहता बसून आणि निजून घेतलेल्या मापांतील तफावत अधिक बोलकी ठरते. यंत्र नसेल तेथे वैद्य एका श्वासात अंक मोजावयास सांगतात. निरोगी प्रौढ सुमारे ५० पर्यंत पोहोचतो. १५ च्या आत थांबणे धोक्याचे होय. हुतूतूचाच हा दुसरा अवतार! परंतु ‘एकोणचाळीस’ उच्चारण्यास ‘तीस’हून अधिक वेळ लागतो, म्हणून मोजणीची गती बांधून घ्यावी लागते. शिवाय ज्याची जीभच जड झाली आहे त्याची मोजणी फसवी. अशा रोग्याच्या नाकाने हुंगण्याचा दाब मोजतात.

उपचाराचा मार्ग दुसऱ्याच रोगाने दाखविला. १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत लोहफुप्फुसे अपुरी पडली. तेव्हा इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून रोग्यांच्या श्वासनलिकेस छेद देऊन, विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातांनी रबरी पिशव्या दाबल्या आणि हवा आत लोटली. आज रात्री मुखवट्यातून श्वास देणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. छेदाची गरज राहिली नाही. न्यूकॅसल येथील ४१ रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. गिळण्याबोलण्याचे स्नायू फार बिघडले नव्हते अशा रोग्यांचे मध्यक आयुष्य या यंत्राने २०५ दिवसांनी वाढले. यंत्र केव्हा लावावे हे ठरविताना, निजल्यावर होणारा कोंडमारा हे तेथे एक प्रमुख लक्षण मानले होते.

ते लक्षण सांगण्यास मराठीत सुटसुटीत नाम नाही. क्रियापद मात्र आहे. व्याकरणकार ज्यास शक्य क्रियापद म्हणतात, त्या रूपात ‘मला उताणे निजवत नाही’ असे रोगी सहज बोलून जातो. कळवणच्या दवाखान्यात श्वासमापक असो वा नसो, ‘दम लागतो का?’ याच्या आधी ‘उताणे निजवते का?’ हे विचारता येते.