सॉल्टेअर : एका गिरणीगावातील कामगारवस्तीची रचना

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एअर नदीकाठी वसलेले सॉल्टेअर हे गिरणीगाव कामगारांविषयीच्या कळवळ्याचे स्मारक म्हणून वाखाणले जाते. ही वाखाणणी निराधार नव्हे. परंतु तेथील घरांची मांडणी बारकाईने पाहिल्यास त्या कळवळ्याभोवती गिरणीच्या शिस्तीची चौकट होती, असे दिसून येते.

अल्पाका लोकरीच्या कापडावर धनाढ्य झालेला टायटस सॉल्ट १८४८-४९ मध्ये ब्रॅडफर्डचा नगराध्यक्ष होता. त्याच सुमारास शहरात पटकीची साथ उसळली. धूर, तुंबलेली गटारे आणि तळघरांत दाटीने राहणारी कुटुंबे यांपासून दूर, काही मैलांवर त्याने नवी गिरणी उभारली. ती १८५३ साली सुरू झाली. पाठोपाठ सुमारे पंधरा वर्षांत लॉकवुड व मॉसन या वास्तुविशारदांनी आठशेंहून अधिक दगडी घरे बांधली. पाणी, गॅसचे दिवे आणि घरामागील अंगणात प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र शौचकूप, या सोयी तत्कालीन ब्रॅडफर्डच्या मजुरास दुर्लभच होत्या.

तथापि सर्व घरे सारखी नव्हती. साध्या कामगाराच्या वाट्यास बैठकीची एक खोली, मोरी, तळघरातील कोठार व माडीवर निजावयाच्या खोल्या येत. मुकादमाचे घर अधिक प्रशस्त असे व त्यास पुढे छोटी बागही मिळे. गिरणीतील दर्जा अशा रीतीने रस्त्यावरूनच वाचता येई. रस्त्यांना नावे मिळाली ती सॉल्टची पत्नी कॅरोलाइन व मुलेबाळे यांची. वास्तुविशारदही त्यातून सुटले नाहीत. गावात मद्यगृहास मज्जाव होता. त्याऐवजी १८७१ च्या सुमारास ग्रंथालय, वाचनालय व करमणुकीच्या खोल्या असलेली संस्था उघडली.

या चौकटीची मर्यादा धुण्याच्या प्रश्नात विशेष उघड होते. रस्त्यात आडव्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे सॉल्टला खपत नसत. म्हणून वाफेवर चालणाऱ्या यंत्रांचे सार्वजनिक धुणीघर व स्नानगृह बांधण्यात आले. ते बायकांच्या पसंतीस उतरले नाही आणि कालांतराने बंद पडले. रहिवाशांचे लेखी म्हणणे फारसे उरलेले नसताना हा मूक नकार इतिहासकारास मोलाचा वाटावा.

नोकरी देणारा तोच घरमालक, ही स्थिती सॉल्टच्या मृत्यूनंतरही (१८७६) दीर्घकाळ टिकली. १९३३ मध्ये घरे एका मालमत्ता कंपनीस विकली गेली व पुढे ती हळूहळू खाजगी मालकीत गेली. गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. २००१ साली युनेस्कोने हे गाव जागतिक वारसास्थळांच्या यादीत घातले.