एका रांजणाचं वर्ष

मलकापुरात महामार्गाच्या कडेला उभे राहा आणि समोरची एकेक गोष्ट पुसत चला. आधी ट्रकांची रांग, मग कृष्णा हॉस्पिटल, मग कोयना वसाहत, मग खुद्द महामार्ग. शेवटी उरतं ते कराडच्या आडोशाला असलेलं एक खेडं आणि बैलगाडीची चाकोरी. साल १९२७, मार्च महिना. अंगावरचे कपडे तसेच राहू द्या. लोक तुम्हाला मिरजेच्या दवाखान्यातला कंपाउंडर समजतील, आणि ते आज तुमच्या सोयीचंच आहे.

कराड ओलांडून, कृष्णा ओलांडून ओगलेवाडीच्या अंगाला जायचं. तिथं स्टेशन आहे, आणि ११ वर्षांपूर्वी सुरू झालेला ओगल्यांचा काचकारखानाही. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या मीटरगेज रुळांवरून गाडी रमतगमत शेणोली, टाकारी घेते. टाकारीला उतरून बैलगाडीनं वाळवा तालुक्यातल्या एका कृष्णाकाठच्या गावी. हे गाव नकाशावर शोधू नका. या पट्ट्यात तेव्हा अशा छोट्या ख्रिस्ती मंडळ्या विखुरलेल्या होत्या. त्यांचे रीतिरिवाज गोळा करून हे एक गाव वसवलं आहे.

मंडळी आहे प्रेस्बिटेरियन. रॉयल वायल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आला. १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं आणि तिथून सांगली, मिरज, इस्लामपूर असं पसरत राहिलं. तिकडे सातारा अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाचा. तीन वर्षांपूर्वी, १९२४ साली, दोन्ही पंथ एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. गावातल्या माणसाला यातलं एवढंच ठाऊक, की आपल्यात पाळकसाहेब एकटे काही ठरवत नाहीत. मंडळी पंच निवडते, पंच पाळकांसोबत बसतात. वर चर्च कौन्सिल, त्यावर सिनॉड, त्यावर सर्वसाधारण सभा. भांडण गावात मिटलं नाही, तर ते पायऱ्या चढत वर जाऊ शकतं. बहुतेक भांडणं मात्र चावडीपर्यंतसुद्धा पोचत नाहीत, रांजणापाशीच मिटतात.

मार्च

रविवार, २० तारीख. शाळेची खोली हेच देऊळ. सतरंजीवर पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, पोरं मधे वळवळताहेत. मास्तर आठवडाभर बाराखडी शिकवतात आणि रविवारी पेटी धरतात. पाळकसाहेब तीन गावं सांभाळतात, त्यामुळं ते महिन्यातून एकदाच येतात. गायला नारायण वामन टिळकांची पदं आहेत. टिळकांनी शेवटची दोन वर्षं साताऱ्यात घालवली. त्यांना जाऊन आता आठ वर्षं होतील. टाळ, ढोलकी आणि अभंगाचा ठेका हा त्यांचाच वारसा. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, भजनच चाललंय.

गीत संपलं की बायका पदराच्या गाठी सोडतात. रोज भाकरीचं पीठ मळण्याआधी एक मूठ वेगळी काढायची आणि रविवारी आणून टोपलीत ओतायची. ज्वारीचं पीठ, बाजरी, थोडे तांदूळ. मास्तरांचा निम्मा पगार यातून निघतो. घरोघरी बायबल वाचून दाखवणारी बायबलबाई सांगते, याच महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी साता समुद्रापलीकडच्या बायकांनीही एकाच दिवशी मिळून प्रार्थना केली. जागतिक महिला प्रार्थना दिनाचं हे पहिलंच वर्ष आहे.

दाराशी रांजण आहे. उपासना सुटली की सगळे तिथं थांबतात. पाळीचा माणूस ओगराळ्यानं पाणी काढून ओंजळीत ओततो. पाणी शाळेमागच्या आडाचं. गावच्या विहिरीवर या माणसांना आजही पाय ठेवता येत नाही. धर्म बदलला तरी विहिरीची पायरी बदललेली नाही. तुम्ही आलात त्या मलकापुरात मीटर लावून चोवीस तास नळाला पाणी येतं, या गोष्टीवर इथं कुणी विश्वास ठेवणार नाही.

तुम्ही ओंजळ पुढे करता आणि तुम्हाला आठवतं, आज कोणता दिवस आहे ते. याच रविवारी महाडला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायला निघाले आहेत. नंतर त्या लोकांवर लाठ्या पडतील. इथं अजून कुणालाच त्याचा पत्ता नाही. सांगावंसं वाटेल, पण सांगू नका.

एप्रिल

उपवासकाळ सरत आला. प्रभुभोजनाआधी पूर्वतयारीची सभा असते. ज्यांचं आपसात वाजलंय त्यांनी आधी ते मिटवायचं, मगच मेजापाशी यायचं. दोन चुलतभाऊ बांधावरून वर्षभर बोलत नाहीत. पंच त्यांना समोरासमोर बसवतात. थोरला म्हणतो, "मी माफ केलं." धाकटा उसळतो, "माफ मी करायचं का तू?" यावरच पाऊण तास जातो. शेवटी दोघं एकमेकांना सलाम करतात, बांध जिथल्या तिथं राहतो. मेजावर मनुका भिजवून काढलेला रस आणि भाकरीसारखी जाड पोळी असते.

१७ तारखेला पुनरुत्थान दिन. पहाटे अंधारातच प्रभातफेरी निघते, हातात कंदील; काचा ओगलेवाडीच्या. नेमकी चैत्री पौर्णिमाही आजच. वेशीत मारुतीच्या देवळापाशी हनुमान जयंतीचं कीर्तन रंगलंय. दोन्हीकडे टाळ, दोन्हीकडे ढोलकी. फेरी देवळापासून बरंच अंतर ठेवून जाते. एवढ्यात तिकडचा ढोलकीवाला इकडच्या ठेक्यावर मान हलवून जातो आणि कीर्तनकार त्याच्याकडे डोळे वटारतो.

त्याच सकाळी नदीकाठी मांगवाड्यातल्या एका कुटुंबाचा बाप्तिस्मा होतो. दोर वळणारा बाप, त्याची बायको, तीन पोरं. मंडळीतली जुनी घरं महारवाड्यातली. सगळे नव्या कुटुंबाला सलाम करतात, गळ्यात झेंडूच्या माळा पडतात, पंगत बसते. पंगतीत तुम्ही नीट बघा. नवी माणसं एका टोकाला आहेत आणि त्यांच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी आहे. ती कुणी मुद्दाम ठेवलेली नाही, नुसतंच कुणी बसलं नाही. तुम्ही बसा तिथं.

जुलै

पावसानं रस्ते गिळले. मिशनरी मंडळी उन्हाळाभर पन्हाळ्यावर होती, ती उतरून आपापल्या ठाण्यावर गेली. मंडळीतल्या थोरल्या म्हातारीला, सगळे तिला आक्काच म्हणतात, दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालंय. पंच बसतात. टोपलीतल्या धान्यातून तिकिटाचे पैसे काढायचे, मिरजेला न्यायचं, पाळीपाळीनं दोघींनी तिच्यापाशी राहायचं. ठराव दोन ओळींचा, तो अमलात आणायला बारा जण लागतात.

मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर. त्यानं आधी सांगलीला दवाखाना चालवला, मग मिरजेत हे उभं केलं. १८९७ पासून इथं डॉक्टरकीचं शिक्षणही देतात. सांगलीच्या वाटेवर क्षयरोग्यांचं आरोग्यधाम निघालंय; त्या जागेला पुढे वानलेसवाडी हेच नाव पडेल. पुढच्या वर्षी वानलेस निवृत्त होतील आणि सरकार त्यांना 'सर' करील. पण आत्ता ओसरीत जी गर्दी आहे, तिला या कशाशी देणंघेणं नाही. मुंबई इलाख्यातून आणि संस्थानांतून लोक आलेत, आवारात तीन दगडांच्या चुली मांडल्यात, प्रत्येक जातीची चूल निराळी. बाकावर मात्र सगळे खांद्याला खांदा लावून बसलेत, कारण नंबर पुकारल्यावर उशीर करून चालत नाही.

आक्काच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांना पट्ट्या, मान हलवायची नाही, कूस बदलायची नाही. तिसऱ्या दिवशी पाळी असलेली बाई तापानं आडवी होते. तिच्या जागी येते दोरवाल्याची बायको. ती कण्या शिजवते, चमच्यानं भरवते, तांब्या ओठांना लावते. आक्का विचारते, "कोण गं तू?" बाई नाव सांगते. आक्का क्षणभर गप्प राहते आणि म्हणते, "आणिक एक घोट दे."

नोव्हेंबर

दिवाळी सरली, बाजरी मळली, भुईमूग उपटून झाला. आता हंगामाचा सण. एवढा गडबडीचा दिवस वर्षात दुसरा नाही. शाळेच्या दाराला उसाची कमान, आत ज्वारीची ताटं, भोपळे, वांगी, मधाच्या रंगाचा गूळ, शेंगांची पाटी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. उपासनेत कोंबड्या मधूनमधून बोलतात. जिला काहीच पिकलं नाही अशी विधवा एक अंडं आणते आणि ते भोपळ्याच्या शेजारी जपून ठेवते.

उपासना आटोपली की लिलाव. बोली लावणारा पंच गावच्या तमाशातला सोंगाड्या शोभावा. अंडं एका आण्यापासून सुरू होतं. "दीड आणा!" "दोन!" घेणारा घेतो आणि तिथल्या तिथं परत देतो: "पुन्यांदा लावा." तेच अंडं चार वेळा विकलं जातं आणि रुपयाच्या घरात पोचतं. विधवा तोंडाला पदर लावून हसते. हिशेब खजिनदाराच्या वहीत उतरतो, देणाऱ्याच्या नावासह. म्हणून यादीत या वर्षी सगळ्यात मोठी रक्कम तिच्या नावावर दिसते.

मग येतो दोर. दोरवाल्यानं अंबाडीचा नवा सोल वळून आणलाय, मोटेला शोभेल असा, पिळाला पीळ बसलेला. शेतकऱ्यांचे डोळे चमकतात. सगळ्यात चढी बोली लावतात ते पिकल्या मिशांचे आबा. दोर खांद्यावर टाकून ते रांजणापाशी येतात. आज पहिल्यांदाच पाण्याची पाळी दोरवाल्याकडे आहे. आबा थबकतात, ओगराळ्याकडे बघतात आणि तहान नसल्यागत निघून जातात. त्यांच्यामागून आणखी चौघे.

डिसेंबर

त्या चौघांची कुजबुज नाताळपर्यंत चालते. या वर्षी नाताळ रविवारीच आलाय. घरोघरी करंज्या, शेव, शंकरपाळ्या. रात्री गाण्याची फेरी दारोदार फिरते. शब्बाथशाळेच्या पोरांनी नाटक बसवलंय. हेरोदाला मिशा डिंकानं चिकटवल्यात, एका मेंढपाळाचं घोंगडं खरं आहे आणि मेंढीही खरीच आहे, म्हणून शेवटचा प्रवेश आटपता घ्यावा लागतो. योसेफाचं काम दोरवाल्याच्या थोरल्या पोराला मिळालंय. सराईत जागा नाही म्हणून त्याला परत पाठवायचा प्रसंग येतो. सराईवाला झालाय आबांचा नातू. तो घोकलेलं वाक्य म्हणतो, "आमच्याकडं जागा नाही." पुढच्या रांगेत आबा खाली मान घालून उपरण्याची दशी ओढत बसतात.

त्याच दिवशी महाडात दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन होतं. या वेळी बातमी येतेच, काही दिवस उशिरा, पण येते. डॉ. आंबेडकरांचं 'बहिष्कृत भारत' एप्रिलपासून निघतंय. मिरजेहून आलेला एक कंपाउंडर, या खेपेस खरा, त्याचा अंक घेऊन येतो. मास्तर तो शाळेच्या ओट्यावर मोठ्यानं वाचतात. ऐकणाऱ्यांत महारवाड्यातली ख्रिस्ती न झालेली मंडळीही आहेत. कुणी म्हणतं, तुम्ही तर सुटलात. त्यावर कुणालाच चटकन उत्तर सुचत नाही.

जानेवारी १९२८

दुसऱ्या रविवारी वार्षिक सभा. खजिनदार हिशेब वाचतो: मूठधान्य, लिलाव, मिरजेचा खर्च, कंदिलाच्या फुटलेल्या दोन काचा. पै पैचं बोलणं होतं. प्रेस्बिटेरियन मंडळीची सहभागिता बाहेरून भजनात दिसते, पण तिचा खरा कस इथं लागतो. प्रेमानं बोलणारे चिक्कार भेटतात. वहीत आपलं नाव घालून घेणारे आणि दुसऱ्याला हिशेब विचारू देणारे थोडे. पुढे १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया होईल, पाट्या बदलतील, मिशनचे बंगले जातील. ही वही ज्या मंडळीत वाचली जात राहील, ती टिकेल.

शेवटचा विषय रांजणाचा. आबा उठतात. "दुसरं काय बी सांगा. पर त्येच्या हातचं पानी? माझा बा नसता प्याला."

पाळकसाहेबांकडे सगळे बघतात. ते पंचांकडे बघतात. बायकांच्या बाजूनं आक्का उठते, काठी टेकत, नव्या जाड चष्म्यातून आबांना निरखून.

"आणि तुझ्या बाच्या हातचं तरी कोन पेत हुतं रं?"

आधी कुणीतरी फसकन हसतं, मग सगळी शाळा. मतं घेतली जातात, हात वर होतात. एकमत होत नाही. आबा आणि त्यांचे चौघे हात खालीच ठेवतात. ठराव पास होतो. यापुढे पाण्याची पाळी घरवार लागेल, एकही घर न वगळता. मग पंच जुनी युक्ती करतात. पाळ्यांची यादी ठेवायला चोख माणूस हवा, आणि मंडळीत आबांइतकं चोख कोण आहे? कुरकुर करत आबा वही घेतात. नावं लिहिताना दोरवाल्याच्या घरापाशी त्यांची पेन्सिल अडते. ते ती जिभेला लावतात आणि लिहितात.

यादीत तुमचंही नाव आहे, फेब्रुवारीचा तिसरा रविवार. मलकापूरला परतायची घाई असेल तर खुशाल निघा; पण आबांना आधी बदली माणूस दाखवा. त्याशिवाय ते नाव खोडणार नाहीत.